पहिलीच हाफ मॅरेथॉन, ती पण साताऱ्याची. जमेल का?

कृष्णाकाठची

नमस्कार मंडळी, सरळ मुद्द्यावर येते. आमच्या ऑफिसच्या ग्रुपने सातारा हिल हाफ मॅरेथॉनला जायचं ठरवलं आणि मला न विचारता माझं पण नाव टाकून मोकळे झाले, पैसे भरून झालेत, आता माघार घेतली तर डबा खाताना वर्षभर टोमणे ऐकावे लागणार. वय ४१, वजन थोडं जास्तच, बीपी-शुगर काही नाही. आधी आमराईत नुसती चालायला जायचे, मग हळूहळू पळायला लागले, सध्या ५ किमी न थांबता होतं पण शेवटी तोंड लालबुंद आणि कोणी हाक मारली तर उत्तर द्यायची पण ताकद नसते.

२१ किमी म्हणजे याच्या चौपट आणि वर तो घाट. आमची सांगली म्हणजे सगळं पोळपाटासारखं सपाट, चढ काय तो रेल्वेच्या पुलाचा. रेस सप्टेंबरात आहे, आत्ता मे संपत आलाय.

तर प्रश्न असे की साडेतीन महिन्यात हे खरंच होण्यासारखं आहे का, सपाटीवर राहून घाटाची तयारी कशी करतात, आणि गुडघ्यांचं काय? मिस्टर म्हणतात गुडघे जातील, सासूबाई म्हणतात एवढं पळून जायचंय कुठे. ज्यांनी स्वतः ही रेस केलीय त्यांनी सांगा प्लीज. 'तू करू शकतेस' वाले मेसेज ग्रुपवर रोज येतात, ते इथे नकोत.

पेसर_पुणे

मग मी उलटंच सांगतो. यावर्षी करू नका.

रागावू नका, कारण सांगतो. पहिली रेस सपाट असावी आणि ती १० किमीची असावी. आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीत थंडीत ढिगाने रेस असतात, पुण्याची मॅरेथॉन तर १९८३ पासून आहे, मुंबई जानेवारीत. मुंबईच्या हाफला माहीमवरून निघून सी लिंक वगैरे करून शेवटाकडे पेडर रोडचा एक चढ लागतो आणि त्या एका चढावर लोक वर्षभर रडगाणं गातात. साताऱ्याच्या यवतेश्वर घाटाशी तुलना केली तर तो चढ म्हणजे स्पीडब्रेकर. साताऱ्यात घाट चढायचा असतो आणि मग तोच उतरायचा असतो, दोन्हीची वेगळी तयारी लागते. ५ किमीला दम लागणाऱ्या माणसाला तीन महिन्यात हे करायला लावणं म्हणजे दुखापतीला आमंत्रण. नडगी दुखायला लागली की दीड महिना घरी बसाल, तेव्हा ते टोमणे मारणारे बर्फाची पिशवी घेऊन येणार नाहीत.

पुढच्या वर्षी करा ना. घाट कुठे पळून जातोय.

घाटमाथा

पेसरभाऊंचं निम्मं बरोबर आहे आणि निम्मं पुणेरी आहे :)

ताई, मी साताऱ्याचाच, यवतेश्वरचा रस्ता म्हणजे आमचं रोजचं मैदान. आधी रूट समजून घ्या म्हणजे भीती तरी नेमकी होईल. गावातून सुरुवात होते, सुरुवातीचे काही किलोमीटर शहरातलेच, रस्त्याच्या दोन्ही बाजूला माणसं, ढोल, लेझीम, शाळेची पोरं हात पुढं करून उभी असतात टाळी द्यायला. इथेच सगळे फसतात. अंगात येतं आणि जो पेस, म्हणजे पळायचा वेग, आयुष्यात कधी धरला नाही तो धरतात. मग समर्थ मंदिराची बाजू मागे टाकली की घाट सुरू होतो आणि आवाज एकदम बंद, नुसता बुटांचा आणि श्वासांचा आवाज. घाट संपला की लोकांना वाटतं सुटलो, पण वर पठारावर पण कासच्या रस्त्याला चढउतार चालूच असतात, वळायच्या जागेपर्यंत ते पायातलं काढून घेतात. सातारा शहर साधारण ७०० मीटर उंचीवर आणि कास पठार १२०० च्या आसपास, रेस पार कासपर्यंत जात नाही पण रस्त्याचा कल कुठे आहे ते लक्षात आलं असेल. वळून त्याच रस्त्याने खाली.

आता खरी गोष्ट. घाटात निम्मी पब्लिक चालत असते. खोटं वाटेल तर जाऊन बघा. २०१५ ला गिनीजमध्ये नाव गेलेली रेस आहे ही, डोंगरातल्या हाफला एवढी माणसं जमली म्हणून, ती सगळी काय हरणं नव्हती. चालण्यात लाज नाही, पण चालायचं कसं ते ठरवून चालायचं. पाय पूर्ण संपल्यावर चालायला लागलात तर परत पळायला होत नाही. म्हणून पहिल्या वळणापासूनच दोन-तीन मिनिटं हळू पळा, एक मिनिट झपाझप चाला, परत पळा. जेफ गॅलोवे म्हणून अमेरिकेचा धावपटू, १९७२ च्या ऑलिंपिकला १०,००० मीटर पळालेला, त्याने ही पद्धत नवख्यांसाठी रुजवली. ऑलिंपिकवाला माणूस चाला म्हणतो तर तुम्हाला-मला कसली लाज.

हिशोब बघा. सरासरी किलोमीटरला साडेआठ मिनिटं धरली तर तीन तासात हाफ होते. चढाला दहा लागतील, उताराला सातवर याल. यावर्षीचा कट-ऑफ, म्हणजे रेस संपवायला जास्तीत जास्त किती वेळ देतात, ते मात्र रेसच्या वेबसाइटवर बघून घ्या, ग्रुपवर कोण सांगतंय त्यावर जाऊ नका.

आणि तुमच्या ५ किमीला तोंड लाल होतं याचा अर्थ तुम्ही कमजोर आहात असा नाही, तुम्ही फार जोरात पळताय. पळताना शेजारच्याला अख्खं वाक्य बोलून दाखवता आलं पाहिजे, 'हं' आणि 'हो' नाही, घरी आज भाजी काय केली ते सांगता आलं पाहिजे. तेवढा हळू पेस धरा, लोक चालत पुढे गेले तरी चालेल. पंधरा दिवसात ५ चे ७ होतील बघा.

सोनचाफा

अगं मी नाशिकची, हीच रेस माझी पण पहिलीच होती आणि मी पण चाळिशीतच सुरू केलं. घाटमाथा म्हणतात ते तंतोतंत. मी जे पुरुष मंडळी कधीच लिहीत नाहीत ते लिहिते.

सगळ्यात आधी बुटांच्या आधी स्पोर्ट्स ब्रा घे, चांगली, हाय इम्पॅक्टची, दुकानात घालून जागेवर उड्या मारून बघ, लाजू नकोस. लाँग रनला, म्हणजे आठवड्यातल्या सगळ्यात लांब पळण्याला, काखेत, ब्राच्या पट्टीखाली, मांड्यांच्या आतून कातडी सोलवटते आणि त्यावर घाम किंवा पाऊस लागला की जी आग होते ती अंघोळीच्या वेळी कळते. व्हॅसलीन थापायचं, भरपूर, निघायच्या आधी. सुती टीशर्ट नको, पावसात ओला झाला की अंगावर गोधडी पांघरल्यासारखा होतो.

रेसच्या दिवशी पाळी येईल का हे आधीच कॅलेंडरवर बघून ठेव. आली तरी पळता येतं, फक्त जे वापरणार असशील ते एखाद्या लाँग रनला वापरून बघितलेलं पाहिजे. आणि एकदा हिमोग्लोबिन करून घे. आपल्याकडे बायकांचं कमी असतंच आणि आपण समजतो स्टॅमिनाच नाही. दम लागण्याचं अर्ध कारण तिथेच सापडतं कितीतरी जणींना.

टॉयलेटची रांग बायकांची मोठी असते, सुरू व्हायच्या बऱ्यापैकी आधी पोच.

सासूबाईंना कुठे जायचंय ते सांगू नकोस, साताऱ्याहून कंदी पेढे घेऊन ये, पुढच्या वर्षी त्याच विचारतील कधी जाणार म्हणून.

गल्लीतला_बोल्ट

मी ऑफिसच्या जिन्यावर पण लिफ्ट घेतो पण वाचतोय सगळं. भुंकणाऱ्या कुत्र्यांवर कोणीच काही बोललं नाही, पहाटे पाचला आमच्या गल्लीत माझा जो पेस निघतो तो कुठल्या चार्टमध्ये नाही.

फिजिओ_ठाणे

कुत्र्यांसाठी: पळणं थांबवा, चालायला लागा, डोळ्यात बघू नका. बास.

आता गुडघ्यांबद्दल. पळण्याने धडधाकट गुडघे 'जातात' हा समज फार जुना आहे, हौशी पळणाऱ्यांमध्ये गुडघ्याची झीज न पळणाऱ्यांपेक्षा जास्त आढळत नाही. त्रास होतो तो अंतर अचानक वाढवल्याने. म्हणून आठवड्यातून एकच लाँग रन, त्यात दर आठवड्याला फार तर एक-दीड किलोमीटर वाढवा आणि दर चौथ्या आठवड्याला मुद्दाम कमी करा. मधल्या दोन दिवशी छोटे सोपे रन. रेसच्या आधी १७-१८ किमीपर्यंत एकदा पोचलात की पुरे, पूर्ण २१ आधी पळून बघायची गरज नाही. शेवटचे दोन आठवडे कमी करत आणायचं. तेव्हा सगळ्यांना वाटतं तयारी कमी पडतीय आणि मग गुरुवारी उगाच १२ किमी पळून येतात, ते करू नका.

साताऱ्याच्या रेसमध्ये माझ्याकडे येणारे लोक चढाने नाही, उताराने दुखावलेले असतात. चढताना दम लागतो, तो दोन मिनिटात उतरतो. उतरताना मांडीचा पुढचा स्नायू ताणला जात असतानाच ब्रेक लावत असतो, प्रत्येक पावलाला, आणि त्यात त्याचे बारीक तंतू तुटतात. रेसच्या दिवशी काही वाटत नाही, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कमोडवर बसताना भिंत धरावी लागते. चांगली गोष्ट अशी की हा स्नायू लवकर शिकतो. एकदा बऱ्यापैकी उतार पळून तो दुखून बरा झाला की पुढचे काही आठवडे तेवढ्याच उताराने तो तसा दुखत नाही. म्हणून रेसच्या तीन-चार आठवडे आधी एक खरा घाट उतरून झालाच पाहिजे. सांगलीहून पन्हाळा किंवा जोतिबा जवळ आहे, एखाद्या रविवारी सकाळी गाडी वर लावायची, घाट खाली पळायचा, परत वर चालत यायचं.

घरी काय कराल तर जिन्याच्या खालच्या पायरीवर उभं राहून एक पाय हळूहळू खाली सोडायचा, तीन आकडे मोजत, टाच जमिनीला टेकली की परत वर. दोन्ही पायांनी. दिसायला सोपं आहे, दहाव्याला मांडी थरथरते. आणि तुमचा तो रेल्वेचा पूल, त्याला नावं ठेवू नका, आठवड्यातून एकदा आठ-दहा वेळा वर-खाली करा. उतरताना पावलं छोटी आणि भराभर टाका, लांब ढांग टाकून टाचेवर आपटत यायचं नाही, अंग मागे रेलायचं नाही.

अजून एक फार महत्त्वाचं. रेसच्या सकाळी कॉम्बिफ्लाम, ब्रुफेन असलं काही 'दुखू नये म्हणून' आधीच घ्यायचं नाही. पाणी कमी झालेल्या शरीरात ती गोळी किडनीवर भार टाकते. दरवर्षी कोणीतरी स्टार्ट लाइनवर गोळ्या वाटत असतो, हसून नको म्हणा.

पेसर_पुणे

घाटमाथा, निम्मं पुणेरी म्हणजे पूर्ण बरोबर असं धरतो.

ठीक आहे, उतारावरचं वाचून मी थोडा मऊ झालोय. तरी माझी एक अट. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यापर्यंत, एक, सपाटीवर १४ किमी आरामात झाले पाहिजेत आणि दुसऱ्या दिवशी जिना नीट उतरता आला पाहिजे. दोन, पन्हाळ्याचा नाहीतर जोतिबाचा घाट एकदा पळत-चालत पूर्ण चढून झाला पाहिजे. दोन्ही झालं तर जा. एक जरी राहिलं तर रेसला जा पण बिब (तो छातीवरचा नंबराचा कागद) न लावता, रस्त्याच्या कडेला उभं राहून ग्रुपला ओरडून प्रोत्साहन द्या आणि पुढच्या वर्षी पळा. पैसे गेले म्हणून पळायचं नसतं.

पाण्याचं कोणी बोललं नाही म्हणून लिहितो. नवखे लोक पाण्याच्या प्रत्येक टेबलावर दोन-दोन ग्लास पितात, कारण घरून सांगितलेलं असतं भरपूर पाणी पी. सप्टेंबरात साताऱ्यात वर धुकं आणि पाऊस, घाम मुंबईसारखा येत नाही, आणि तीन तास नुसतं पाणी ढोसलं की रक्तातलं सोडियम उतरतं. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनला ४८८ जणांचं रक्त तपासलं होतं तर १३ टक्क्यांचं सोडियम कमी निघालं, आणि त्यात पळताना वजन वाढलेले लोक जास्त होते. वजन वाढलं म्हणजे गाळलं त्यापेक्षा जास्त प्यालं. तहान लागेल तेवढंच प्या. ओआरएस घ्यायचं तर पाकिटावर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात, लिटरचं पाकीट अर्ध्या लिटरच्या बाटलीत ओतलं की पोट बिघडलंच म्हणून समजा.

कृष्णाकाठची

बापरे, एवढं कोणी लिहील असं वाटलं नव्हतं, सगळ्यांचे आभार. आज सकाळी आमराईत घाटमाथांनी सांगितलं तसं 'आज भाजी काय' पेसने गेले, एक आजोबा काठी टेकत मला ओव्हरटेक करून गेले आणि वर विचारलं तब्येत बरी आहे ना. पण ६ किमी झाले! आणि तोंड लाल नाही.

पेसर, तुमची अट मान्य, मिस्टरांना पण वाचून दाखवली, ते म्हणाले हा माणूस शहाणा दिसतोय. पन्हाळ्याला ते गाडी घेऊन येणार म्हणाले, म्हणजे वर जाऊन झुणका-भाकर खाणार आणि मी घाट उतरणार.

अजून बारीकसारीक विचारते. पावसाचं काय, रेनकोट घालून पळतात का? सकाळी काय खायचं? आणि बूट किती नंबर मोठा घ्यायचा, दुकानदार म्हणतो एक नंबर, मैत्रीण म्हणते दोन.

सोनचाफा

रेनकोटमध्ये उकडून मरशील. स्टार्टला थांबावं लागतं तेव्हा थंडी वाजते, त्यासाठी मोठी काळी कचऱ्याची पिशवी घ्यायची, नवी अर्थात, डोक्याला आणि हातांना भोकं पाडायची, घालायची, आणि रेस सुरू झाली की काढून डब्यात टाकायची. पळताना भिजायचंच. टोपी मात्र घाल, पुढे छज्जा असलेली, पाणी डोळ्यात जात नाही.

खायचं तेच जे लाँग रनच्या आधी खाऊन पचलंय. मी केळं आणि चहासोबत दोन टोस्ट, निघायच्या दीड-दोन तास आधी. बरोबर खजूर किंवा राजगिऱ्याची चिक्की ठेव, तासाभराने थोडं थोडं. शेंगदाण्याची चिक्की दातात अडकते आणि पाणी मागते. आणि आदल्या रात्री हॉटेलात मिसळ नाही म्हणजे नाही, ग्रुप कितीही आग्रह करो.

घाटमाथा

बूट नंबरावर घेऊ नका, पायावर घ्या. संध्याकाळी जा दुकानात, दिवसभरात पाय थोडे सुजलेले असतात, पळताना पण तसेच होतात. ज्या मोज्यात पळणार तेच मोजे घालून, उभं राहून, सगळ्यात लांब बोटाच्या पुढे अंगठ्याएवढी जागा. उतारावर पाय बुटात पुढे सरकतो आणि नख आपटून आपटून काळं पडतं, म्हणून नखं चार दिवस आधी कापा, आदल्या रात्री नको.

अजून एक युक्ती. बुटाला घोट्याजवळ सगळ्यात वर एक जास्तीचं भोक असतं, लोक ते मोकळंच ठेवतात. लेस त्याच बाजूच्या त्या भोकातून बाहेरून आत घाला म्हणजे छोटा फासा तयार होतो, दुसऱ्या बाजूला पण तसंच, मग डाव्याची लेस उजव्या फाशातून आणि उजव्याची डाव्यातून ओवून खाली ओढा आणि गाठ मारा. टाच जागच्या जागी बसते, पुढे सरकत नाही. घाट उतरताना फरक कळेल. बूट ओले झाले तर घरी येऊन आतली गादी काढायची आणि आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबायचे, उन्हात किंवा हीटरसमोर ठेवायचे नाहीत. जुलै-ऑगस्टात रोजच लागणार हे.

आमच्या माण तालुक्यातल्या मोहीची ललिता बाबर आठवत असेल, मुंबई मॅरेथॉन भारतीय महिलांमध्ये सलग तीनदा जिंकून मग स्टीपलचेसला, म्हणजे अडथळे ओलांडत पळायच्या शर्यतीला, गेली आणि २०१६ ला रिओच्या फायनलला दहावी आली. जिल्ह्यात पळण्याचं वेड तसं जुनंच, त्यामुळे रस्त्यावरचे लोक नावं ठेवत नाहीत, शेवटून येणाऱ्याला पण तेवढ्याच जोरात टाळ्या देतात.

राहायची सोय ऑगस्टच्या आधी करा. सप्टेंबरात कासला फुलं बघायला झुंबड असते आणि त्यात रेसचा वीकेंड, लॉज मिळत नाहीत. आणि रेसच्या सकाळी रस्ते बंद होतात, गाडी लांबच लावावी लागते, तेव्हा स्टार्टपासून चालत जाता येईल अशी जागा बघा.

फिजिओ_ठाणे

बिब शनिवारी आधीच घ्यावा लागतो, रविवारी सकाळी मिळेल असं धरू नका. वेळ मोजायची चिप बहुतेक ठिकाणी त्या बिबलाच मागे चिकटवलेली असते, घडी घालू नका आणि पिना चारही कोपऱ्यांना, चिपमधून नको. छातीवर लावायचा, पाठीवर नाही. मागे आणीबाणीचा फोन नंबर आणि रक्तगट लिहायची जागा असते, ती रिकामी ठेवू नका.

कृष्णाकाठची

लॉज आजच बघते. मिस्टर विचारतायत रेस चालू असताना ते वर यवतेश्वरला गाडी घेऊन येऊ शकतील का?

घाटमाथा

नाही, घाट बंद असतो. त्यांना म्हणावं फिनिशला थांबा, कोरडा टॉवेल, चप्पल आणि गरम चहाचा थर्मास घेऊन. बूट काढल्यावर चप्पल लागतेच.

गल्लीतला_बोल्ट

मला पण त्या लॉजमध्ये एक खाट बघा, मी फक्त चहाचा थर्मास धरायला येतो.

पेसर_पुणे

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात इथे येऊन १४ किमीचं काय झालं ते लिहा. विसरलात तर मी वर आणेन धागा.